अनुभव धागा: चेंडू फारसा न वळवणारा फिरकीपटू आणि आपण सीमाभागातले प्रेक्षक

2 नोव्हेंबर 2008 रोजी दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर अनिल कुंबळे यांनी निवृत्ती जाहीर केली, तेव्हा त्यांच्या नावावर 132 कसोटींत 619 बळी जमा होते. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात रणजी सामन्यांच्या वेळी वडीलधाऱ्यांचा जीव मुंबई संघात अडकलेला असे आणि त्यांची मुले मात्र कर्नाटक क्रिकेट संघटनेच्या स्पर्धांत खेळत. त्यामुळे बेंगळूरच्या या गोलंदाजाला आपण आपला केव्हा मानला, की मानलाच नाही, हे ज्याने त्याने अनुभवातून लिहावे. आकडे सर्वांना पाठ आहेत, तेव्हा आठवणी लिहा.

टिळकवाडी, बेळगाव

मी क्लबकडून लेग स्पिन टाकत असे. आमचे सामने काथ्याच्या मॅटिंगवर होत. सकाळी मॅट ओढून ताणायची, कडेने खिळे ठोकायचे आणि तरीही दुपारपर्यंत एखाद्या टोकाला सुरकुती पडायचीच. मॅटिंगवर चेंडू हवेत तरंगवला तर फलंदाज मागे सरून निवांत फटका मारतो, आणि वेगाने टाकला तर तो अंगावर उसळतो. हे रोज डोळ्यांसमोर घडत असूनही मला उमगले नव्हते, कारण लेग स्पिनरने चेंडूला उंची द्यावी आणि तो हातभर वळवावा असेच आम्हाला शिकवलेले होते. नोव्हेंबर 1993 मध्ये हिरो चषकाच्या अंतिम सामन्यात कुंबळे यांनी वेस्ट इंडीजचे 6 गडी 12 धावांत टिपले आणि लगेच आमच्या नेटमध्ये सगळेच जोरात लेग स्पिन टाकू लागले. सहा फुटांवरच्या माणसाचा हात कानाजवळून उंचावरून येतो म्हणून त्याचा चेंडू उसळतो. माझ्यासारख्या सव्वापाच फुटी माणसाने तेच केले की तो आयता बॅटवर येतो. त्या मोसमात मी भरपूर मार खाल्ला आणि पुढच्या मोसमात यष्टिरक्षण करू लागलो.

वडगाव

7 फेब्रुवारी 1999. रविवार होता, पण साड्यांची मागणी अडून राहिली होती म्हणून यंत्रमाग चालू होते. धोट्याच्या खडखडाटात रेडिओ ऐकू येणे शक्यच नव्हते. म्हणून शेजारच्या घरातील टीव्हीसमोर एक पोरगा बसवला होता आणि गडी बाद झाला की तो दाराशी येऊन बोटे दाखवत असे. दिल्ली कसोटी जिंकायला पाकिस्तानला 420 धावा हव्या होत्या आणि बिनबाद 101 होईपर्यंत तो फिरकलाच नाही. मग एक बोट, लगेच दुसरे. सहा बोटे झाल्यावर आमच्या मुकादमांनी स्वतः उठून दोन माग बंद केले, जे त्यांनी लग्नाच्या हळदीलाही केले नसते. नऊ बोटे झाल्यावर पोरगा दारातून हललाच नाही, उजव्या हाताचा अंगठा मुडपून तसाच उभा राहिला. आणि दहावा बळीही कुंबळे यांनाच मिळावा म्हणून दुसऱ्या टोकाकडून श्रीनाथ यष्टींच्या बाहेर चेंडू टाकत होते, हे आम्हाला त्याच्याकडूनच कळले. अखेर वसीम अक्रमचा झेल लक्ष्मण यांनी घेतला आणि तो अंगठा उघडला. कुंबळे यांचे 74 धावांत 10 बळी.

खानापूर

माझे वडील मुंबईचे कट्टर समर्थक आणि कुंबळे यांचे तितकेच कट्टर टीकाकार होते. "चेंडू वळतच नाही, मग फिरकी कसली?" हे त्यांचे पालुपद. मे 2002 मधील अँटिग्वा कसोटीत, फलंदाजी करताना जबडा मोडलेला हा माणूस डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्टी बांधून गोलंदाजीला आला, तेव्हा आमच्याकडे बरीच रात्र झाली होती. वेस्ट इंडीजचा लारा पायचीत झाला तरी वडील काही बोलले नाहीत; त्यांनी फक्त कुंबळे यांची 14 षटके होईपर्यंत टीव्ही बंद करू दिला नाही. पुढच्या मालिकेत पालुपद पुन्हा सुरू झाले, हेही प्रामाणिकपणे नोंदवते.

निपाणी

2007 मध्ये इंग्लंडमधील ओव्हलवर कुंबळे यांनी नाबाद 110 धावा केल्या, त्यांचे पहिले आणि एकमेव कसोटी शतक, तेही 118 व्या कसोटीत. मी तेव्हा तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहीत होतो आणि त्या दिवशीची बेरीज तीनदा चुकली. एवढेच.

शहापूर, बेळगाव

मी अनेक वर्षे स्थानिक सामन्यांचे स्कोअरबुक लिहिले, म्हणून थोडा वेगळा सूर लावतो. कुंबळे यांच्या 619 पैकी 350 बळी मायदेशी आहेत आणि परदेशात त्यांना दीर्घकाळ झगडावे लागले, हे मान्य करायला हवे. पण 2003-04 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात, खांद्याची शस्त्रक्रिया होऊन गेलेली असताना, त्यांनी 3 कसोटींत 24 बळी घेतले. तोवर चेंडूचा वेग कमी करून हवेत फसवायलाही ते शिकले होते. अखेरच्या कसोटीत डाव्या हाताच्या करंगळीला टाके पडले आणि मग ते थांबले. त्या संध्याकाळी मी आमच्या क्लबचे जुने स्कोअरबुक काढून लेग स्पिनरांची पाने चाळली. 1993 नंतरच्या दोन-तीन मोसमांत वाइडची संख्या अचानक वाढलेली दिसते. टिळकवाडीच्या सद्गृहस्थांचे नाव त्या पानांवर अर्थातच आहे.