नेटवर्कच्या जाहिराती बघून तुम्ही कार्ड बदलता का?

बिनतारी
२००३ सालची हच या मोबाइल कंपनीची जाहिरात आठवत असेल. पुढे शाळकरी पोरगा, मागे चपट्या नाकाचा पग. पोरगा जाईल तिथे कुत्रा. गोव्यात चित्रित झाली होती. त्यात ना टॉवर, ना नकाशा. तरी हचला रेंज आहे हे देशभर पटलं आणि पग पाळायची टूम निघाली ती वेगळीच!

पुढे २०१५ मध्ये एअरटेलची ४जीवाली मुलगी आली. आमच्यापेक्षा वेगवान नेटवर्क दाखवा, आयुष्यभराचं बिल आम्ही भरू, असं आव्हान होतं. जाहिरात मानक परिषदेने (आस्की) आक्षेप घेऊन ती मागे घ्या किंवा बदला असं सांगितलं. पण तोवर ती मुलगी घराघरात पोचलेली.

माझं म्हणणं एवढंच, की या जाहिराती आपल्याला पद्धतशीर गुंडाळतात. 'अमुक टक्के लोकसंख्येपर्यंत पोचलो' यात मोजलेली असतात माणसं, जमीन नाही. शहरं आणि मोठी गावं धरली की टक्का फुगतो. घाटरस्ता त्यात येतच नाही, कारण घाटात राहतं कोण?

तळकोकण
साफ असहमत. लोक एवढे भोळे नाहीत. गणपतीत चाकरमानी गावात उतरला की पहिला प्रश्न, "खंयच्या कार्डाक रेंज गावता?" शेजारी सांगेल ते कार्ड घेतो. टीव्हीवर कुत्रा नाचो की मुलगी. आणि २०१६ मध्ये जिओकडे झुंबड उडाली ती कव्हरेजमुळे का? डेटा फुकट होता म्हणून.

बिनतारी
गावात पटतं, तिथे एकाच्या अनुभवावर अख्खी वाडी चालते. पण नव्या शहरात भाड्याने राहणाऱ्याला कोण सांगणार? तो होर्डिंगच बघतो. शिवाय चुकलं की अडकला. एकदा नंबर पोर्ट केला (नंबर तोच, कंपनी दुसरी) की पुढचे ९० दिवस पुन्हा पोर्ट करता येत नाही. १९०० वर पोर्टचा मेसेज टाकून बघा, नकारच येतो.

दुसरा मजला
त्यातलीच मी. सोसायटीच्या गेटवर छत्री लावून बसलेल्या पोराने त्याच्याच फोनवर सिग्नलच्या दांड्या दाखवल्या, फुल्ल. जाहिरातीही डोक्यात होत्याच, केलं पोर्ट. स्वयंपाकघरात एक दांडी नाही. गॅसवाला सिलिंडर दारात टेकवून ओटीपी मागतोय आणि मी बाल्कनीच्या कठड्यावरून हात बाहेर काढून मेसेजची वाट बघतेय. "ताई, खाली जाऊन बघा ना," हे वर. कंपनीचं नाव घेत नाही. फोन केला तर म्हणाले, तुमच्या भागात कव्हरेज उत्तम आहे.

डेसिबल
ताई, ते खोटं बोलत नव्हते, अर्धवट बोलत होते. कव्हरेज बहुतेक रस्त्यावरचं सांगतात. आपल्याकडचं बरंचसं ५जी ३५०० मेगाहर्ट्झ या वारंवारतेच्या आसपास चालतं. ही लहर भिंतीत लवकर मरते. ७००-९०० वाली आत शिरते, पण तिच्यात डेटाला जागा कमी. दांड्यांवर तर भरवसाच नको, किती सिग्नलला किती दांड्या हे फोन बनवणारा ठरवतो. सेटिंगमध्ये सिम स्टेटस उघडून डीबीएमचा आकडा, म्हणजे सिग्नलची ताकद बघा. उणे ८५ झकास, उणे ११५ म्हणजे रडारड. आणि आकडा चांगला असूनही संध्याकाळी नेट रांगत असेल तर टॉवरवर गर्दी आहे. हे कुठल्या जाहिरातीत बसवणार?

बाकी बिनतारींशी थोडा वाद आहे. कव्हरेजचा गाजावाजा अगदीच फुकट जात नाही. एअरटेलने २०१६ मध्ये स्वतःचा कव्हरेजचा नकाशा लोकांसमोर ठेवला, कच्चे दुवे धरून, तोही जाहिरातीचाच भाग होता. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांनी तर प्रत्येक कंपनीला नकाशा संकेतस्थळावर टाकणं बंधनकारक केलं. आता दावा पडताळायची सोय आहे.

तळकोकण
नकाशा उघडायला आधी रेंज हवी की, डेसिबलराव!

बिनतारी
आणि तो नकाशा रंगवणारी कंपनीच. दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंची सोसायटी त्यात हिरवीच असणार, पैज लावतो.

दुसरा मजला
आत्ता बघितलं. हिरवीगार आहे. ९० दिवस भरले की घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी ओट्यापाशी उभं करून फोन बघायला लावणार आहे. मग ठरवू.

तळकोकण
बघा, म्हणजे शेवटी पाहुण्यालाच विचारणार! मी काय वेगळं म्हणत होतो?

बिनतारी
पोर्ट केल्यानंतर विचारतायत त्या. माझा मुद्दा तोच आहे.