रस्त्यावर माणसं मरतात ती बेशिस्तीने की रस्त्यामुळे?

घाटवळण: डब्ल्यूएचओचा २०२३ चा रिपोर्ट वाचला. जगात वर्षाला ११.९ लाख माणसं रस्त्यावर मरतात, त्यातली ९२ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, आणि या देशांकडे गाड्या किती तर जगातल्या साधारण ६० टक्के. आपल्याकडे २०२२ मध्ये १,६८,४९१ गेले. माझं मत विचाराल तर दोष आपलाच. पुण्यात २०१९ ला हेल्मेटसक्ती आली तर लोकांनी मोर्चा काढला राव!

कट्टेकरी: हेल्मेट घातलं की पुण्याजवळच्या हायवेवरच्या नवले पुलाचा उतार कमी होतो का? कात्रजचा नवा बोगदा सोडला की उतारच उतार, ट्रकवाले डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकतात, मग ब्रेक लागत नाही आणि पुढच्यांचा चेंदामेंदा. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका झटक्यात ४८ गाड्या ठोकल्या गेल्या तिथे.

घाटवळण: न्यूट्रल टाकणारा माणूसच ना?

कट्टेकरी: हो, आणि डिझेलचा हिशोब मागणारा पण माणूसच, तो घरी बसलेला असतो. स्वीडनने १९९७ मध्येच ठरवलं की माणूस चुकणारच, तेव्हा चुकला तरी मरणार नाही असा रस्ता बांधा. आपण मात्र 'वाहने सावकाश चालवा'चा बोर्ड लावून मोकळे.

मिसळपाव_नको: स्वीडन कशाला, व्हिएतनाम बघा की, आपल्यासारखाच दुचाक्यांचा देश. १५ डिसेंबर २००७ ला सक्ती केली, पोलीस खरंच उभे राहिले आणि थोड्याच दिवसांत नव्वद टक्क्यांच्या वर लोक हेल्मेट घालायला लागले. एकही रस्ता न बदलता.

कट्टेकरी: आणि पुढे तिथे बऱ्याच लोकांच्या डोक्यावर तकलादू टोप्या, तेही सांगा. आपल्याकडे फूटपाथवर मिळतात तशाच, मामांना दाखवण्यापुरत्या.

सहा_लेनपलीकडे: तुमचं सगळं गाडीवाल्यांचंच चाललंय. माझ्या आईला समोरच्या मेडिकलमधून बीपीची गोळी आणायची तर मध्ये हायवे. पादचारी पूल आहे पण पायऱ्या चढायला तिचे गुडघे नाहीत, म्हणून ती डिव्हायडर फोडलाय त्या फटीतून जाते. म्हणा आता तिला बेशिस्त.

घाटवळण: काकूंना नाही हो म्हणत. पण त्याच फटीतून उलट्या बाजूने बाइक घालणारे पण असतील ना, त्यांना तरी म्हणू द्या.

सहा_लेनपलीकडे: त्यांना खुशाल म्हणा. यू-टर्न दोन किलोमीटरवर आहे एवढं फक्त लक्षात ठेवा.