सिरपूरच्या काठावरचा दोरा कसा काढायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. हिवाळ्यात दर रविवारी पहाटे आम्ही तिघी-चौघी इंदूरच्या सिरपूर तलावावर फिरायला जातो आणि जाता जाता कचरा वेचतो. थंडीने हातमोज्यांतही बोटं बधिर होतात. बाटल्या, पुड्या पटकन उचलल्या जातात. खरी अडचण आहे ती संक्रांतीनंतरच्या नायलॉन मांज्याची आणि मासे धरायच्या तंगुसाची. गेल्या रविवारी बाभळीच्या मुळाशी दोऱ्याचा हा एवढा गुंता सापडला, त्यात बगळ्याची दोन पांढरी पिसं अडकलेली. ओढावं तर हात कापतो, तसाच सोडून यायला मन होत नाही.

दोरा कापायला तुम्ही काय वापरता? बारीक तुकडे मातीत राहू नयेत म्हणून काय करता? सुक्या कचऱ्यात मोकळा टाकला तर निवडणाऱ्या ताईंच्या हातात गुंतेल, म्हणून मी तो बाटलीत कोंबून झाकण लावून देते. हे बरोबर आहे ना?

आणखी एक. सिरपूर २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, या दिवसांत दूरदेशीची बदकं उतरलेली असतात. पक्षी जाणणाऱ्या दादा-ताईंनी सांगावं, पाण्यापासून किती लांब राहून काम करावं? की बदकं परत जाईपर्यंत काठाला हातच लावू नये?