अनुभव धागा: कॅसिनोच्या गावात एकट्याचा एक दिवस

मंडळी, गेल्या महिन्यात एका ओळखीच्यांनी विचारलं, "व्हेगसला एकटाच? मग तिथे केलंस तरी काय?" त्यांच्या मते तिथे एकतर मित्रांच्या टोळक्याने जावं, नाहीतर पाव्हण्यांना दाखवायला. म्हणून हा धागा. एकट्याने गाडी चालवत अशा गावात गेला असाल तर दिवस कसा घालवला ते लिहा. गाव व्हेगसच हवं असं नाही. एकच अट: खेळला असाल तर जिंकल्या-हरल्याचा आकडा खरा सांगा.

सुरुवात माझ्यापासून. नोव्हेंबर २०२३. बायको भाचीच्या लग्नाला सांगलीला गेलेली. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनहून पहाटे साडेचारला निघालो. सोबत थर्मासमध्ये चहा, फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आय-१५ महामार्गावर बार्स्टो गाव ओलांडलं की वाळवंट सुरू होतं आणि बोलायला कोणी नसलं की ते जास्त दिसतं. पुढे बेकर गावात तो प्रसिद्ध थर्मामीटर आहे, १३४ फूट उंच. १९१३ साली डेथ व्हॅलीत १३४ अंश फॅरनहाइट नोंदले गेले, म्हणून तेवढी उंची. दरवेळी घरच्यांना घाई असते, म्हणून तो गाडीतूनच पाहिलेला. यावेळी त्याच्याखाली उभं राहून दशमी खाल्ली.

व्हेगसमध्ये शिरल्यावर स्ट्रिपवर, म्हणजे मोठमोठ्या कॅसिनोंच्या रस्त्यावर, न थांबता थेट जुन्या भागात गेलो. गंमत अशी की ज्याला आपण व्हेगस म्हणतो ती स्ट्रिप बहुतांशी व्हेगस शहराच्या हद्दीतच नाही, पॅराडाइज नावाच्या वस्तीत आहे. मूळ गाव म्हणजे फ्रीमाँट स्ट्रीट. १९०५ साली रेल्वेने जमिनीचे तुकडे लिलावात विकले, तिथून ते सुरू झालं. तिथल्या १९३३ च्या जुन्या कोर्ट-पोस्टाच्या इमारतीत मॉब म्युझियम, म्हणजे गुन्हेगारी टोळ्यांचं संग्रहालय, आहे. १९५० मध्ये संघटित गुन्हेगारीवर सिनेटर केफॉव्हरच्या समितीची एक सुनावणी जिथे झाली, ती खोली तशीच ठेवली आहे. मी तिथे सव्वातीन तास होतो. प्रत्येक पाटी वाचली. "अहो, चला ना" म्हणणारं कोणी नव्हतं. एकट्याने जायचं ते यासाठी.

मग रुलेट, म्हणजे फिरत्या चाकावर गोटी कुठल्या घरात थांबते त्यावर पैसे लावायचे. पाकिटात साठ डॉलर वेगळे ठेवले होते. दहा डॉलरचं टेबल मिळालं, दरवेळी लालवर दहा. अमेरिकन चाकात ३८ घरं असतात: १ ते ३६, एक शून्य, एक जोडशून्य. प्रत्येक घरावर एकेक डॉलर लावलात तर ३८ जातात आणि हातात ३६ परत येतात. हे दोन डॉलर म्हणजे मालकाची पोळी, शेकडा ५.२६. स्ट्रिपवर आता काही टेबलांना तिसरंही शून्य आहे, तिथे ती ७.६९ होते. गणित माहीत असूनही चाक फिरताना पोटात जे होतं ते होतंच. साठ डॉलर चाळीस मिनिटं पुरले. शेजारच्या टेक्सासच्या आजोबांनी तेवढ्यात त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची सगळी हकीकत सांगितली, ते धरून सौदा वाईट नाही.

संध्याकाळी बेलाजिओ हॉटेलची कारंजी. फुकट. रात्री दर पंधरा मिनिटांनी. तीन खेळ पाहिले, तिन्ही वेळा कठड्याची वेगळी जागा धरली. आकडा: उणे ६०.

न्यू जर्सीतून

आमचं व्हेगस म्हणजे अटलांटिक सिटी. निवृत्त झाल्यावर वर्षातून दोनदा तरी मी एकटा गार्डन स्टेट पार्कवे धरतो. सौ.ला कॅसिनोतला सिगारेटचा वास सोसत नाही.

लहानपणी दादरला आम्ही 'व्यापार' खेळायचो, त्याची आई म्हणजे मोनोपॉली. त्या पटावरचे रस्ते अटलांटिक सिटीचे आहेत हे मला पन्नाशीत कळलं! बाल्टिक अ‍ॅव्हेन्यू, पॅसिफिक अ‍ॅव्हेन्यू, खरोखरच्या पाट्या. मी एक अख्खी सकाळ पटावरचे रस्ते पायी शोधत हिंडलो. काही भाग बकाल आहे, कॅसिनोच्या मागच्या गल्लीत बंद दुकानं जास्त. १९७६ च्या मतदानाने जुगाराला परवानगी मिळाली, १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला, तेव्हा गाव वर येईल असं सांगितलं होतं म्हणे. समुद्राकडची बाजू आली, मागची नाही.

बोर्डवॉक १८७० चा. जर्सीच्या बऱ्याच किनाऱ्यांवर पैसे भरून बिल्ला घ्यावा लागतो, इथे वाळू फुकट. जवळच मारगेटला ल्यूसी नावाची सहा मजली हत्तीण आहे, १८८१ साली लाकूड-पत्र्याची बांधलेली, पोटात जिना. नातवंडांशिवाय एकट्या म्हाताऱ्याने हत्तिणीच्या पोटात शिरणं बरं दिसत नाही, पण शिरलो.

आकडा: स्लॉट मशीनवर उणे २०. दरवेळी वीसच.

फिनिक्सहून

मी बाई, एकटी, गाडीने. आधी तोच प्रश्न: भीती नाही वाटली? स्ट्रिपवर नाही वाटली. वाटेतल्या किंगमन गावाच्या अलीकडे पेट्रोल संपत आलं तेव्हा वाटली.

वाटेत हूवर धरणावर दोन तास. पाणी आत घेणाऱ्या बुरुजांवर दोन घड्याळं आहेत, एक नेवाडाचं, एक अ‍ॅरिझोनाचं. आमच्या राज्यात घड्याळ मागे-पुढे करत नाहीत, म्हणून उन्हाळ्यात दोन्ही सारखी, हिवाळ्यात तासाचा फरक. मी फेब्रुवारीत गेले, त्यामुळे एक तास आयता मिळाला.

सर्क दु सोले या सर्कस मंडळींचा पाण्यावरचा खेळ पाहिला. रंगमंचाखाली पंधरा लाख गॅलनचा तलाव. एकटीचं तिकीट काढायचा फायदा सांगते: जोडप्यांच्या मध्ये एकेक खुर्ची उरते, आणि ती चांगल्या रांगेत असते. दोन नवरा-बायकोंच्या मध्ये बसून मी एकटीच रडले, इतकं सुंदर होतं. खेळले नाही. आकडा शून्य, पण हॉटेलने खोलीच्या भाड्यावर 'रिसॉर्ट फी' लावली ती जुगारात हरल्यासारखीच. बुकिंग करताना सगळ्यात खालची ओळ वाचा.

सोलापूर, सध्या मुंबई

शेवटी जुगार तो जुगारच. युधिष्ठिराचं काय झालं विसरलात का?

धागाकर्ता

शकुनीच्या पटावर जोडशून्य नव्हतं, म्हणून त्याला फासे फिरवावे लागले. इथे ती गरज नाही. :)

बाकी तुम्ही मुंबईत म्हणून सांगतो, महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता. तो अमलात कधी आलाच नाही, आणि २०२३ मध्ये रद्द केला.

ऑस्टिनहून

विद्यार्थ्यांनी हे वाचाच. २०१८, मी एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, स्प्रिंग ब्रेक, मित्रांनी ऐनवेळी टांग दिली म्हणून एकटाच गाडी घेऊन गेलो. दुसऱ्या दिवशी स्लॉटवर १६०० डॉलर लागले. मशीन थिजलं, दिवा लागला, मी दोन्ही हात वर करून नाचलो, पाहायला कोणी नाही. मग एक बाई अर्ज घेऊन आली. तेव्हा १२०० किंवा जास्त लागलं की कर खात्याचा कागद व्हायचा, आणि करासाठी 'अनिवासी' असलेल्याचे थेट तीस टक्के कापतात. पहिली पाच वर्षं बहुतेक एफ-१ वाले त्यातच मोडतात. ४८० गेले, ११२० हातात. आधी हरलेले पैसे त्यातून वजाही होत नाहीत. वर कळलं की तीच रक्कम रुलेट किंवा ब्लॅकजॅकवर जिंकलो असतो तर अनिवासींना कर नाही!

आकडा: अधिक ११२०, त्याच आठवड्यात गाडीचं ट्रान्समिशन गेलं.

कोल्हापूर

अमेरिका नको, आमचं पणजी हाय की. आंबोली घाट, सावंतवाडी, पत्रादेवीचा नाका, दुपारला मांडवीकाठी. एकटाच होतो, बुलेट घेऊन. फोंतेन्यासच्या गल्ल्या बघितल्या, एका खानावळीत बांगडा हाणला, सोलकढीचे तीन पेले.

संध्याकाळी होडीतून कॅसिनोच्या जहाजावर. एकवीस वर्षांचा पुरावा बघतात, आणि २०२० पासून गोव्याच्याच माणसाला खेळायला बंदी हाय, पाव्हण्याला मोकळीक. तिकिटात जेवण आलं, थोड्या चिप्स आल्या, पण त्या चिप्स परत देऊन पैसे मिळत नाहीत, लावायलाच लागतात. लावल्या अंदर-बाहरवर. गेल्या. मग जेवण दाबून वसूल केलं आणि डेकवर जाऊन पणजीचे दिवे बघत बसलो. गाणीबजावणी आत, वारा बाहेर. तिकीट सोडून आकडा शून्य.

एल.ए.

बरेच दिवस हा धागा वाचतोय. लिहू की नको चाललं होतं.

२०२१ चा ऑगस्ट. घरून काम, डोकं भणाणलेलं, शनिवारी सांगून निघालो की संध्याकाळी परत येतो. ठरवून दोनशे नेले होते. ते दीड तासात गेले. मग तिथल्याच एटीएमवर गेलो, शुल्क भरून. मग परत. तिसऱ्या वेळी एटीएमसमोर माझ्या मागे रांग होती आणि त्यातल्या कोणीच एकमेकांकडे पाहत नव्हतं, हे मला स्पष्ट आठवतं. सोबत कोणी असतं तर एवढं म्हणालं असतं की चल, भूक लागली. तुम्ही सगळे एकटेपणाचे फायदे लिहिताय, ते खरेच आहेत. मला तो दिवस तसा गेला नाही. कारंजी पाहिलीच नाहीत.

रात्री परतताना बेकरला थांबलो. थर्मामीटर अंधारात ९८ दाखवत होता. गाडी बंद करून खाली उतरलो, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं म्हणून पेट्रोल पंपावरून चिप्सचं पाकीट घेतलं.

बायकोला चारशे सांगितलं होतं. आकडा: उणे ११४०.