दुसरा भाग पाहायला का जावे?

तिसरी घंटा (धागाकर्ता)

मराठी चित्रपटसृष्टीला दुसरा भाग काढण्याची सवय आता चांगलीच अंगवळणी पडली आहे. ‘झपाटलेला’ (1993) चा दुसरा भाग वीस वर्षांनी, 2013 मध्ये आला. ‘नवरा माझा नवसाचा’ (2004) चा दुसरा भाग येण्यासही वीसच वर्षे लागली. ‘दे धक्का’ (2008) च्या कुटुंबाला 2022 मध्ये लंडनवारी घडली, ‘टाइमपास’ आणि ‘मुंबई-पुणे-मुंबई’ तिसऱ्या भागापर्यंत पोहोचले आणि ‘बॉईज’ चौथ्यापर्यंत. यांतले बहुतेक मी हौसेने पाहिले आणि बहुतेक वेळा हिरमुसून बाहेर पडलो. ही निराशा नेमकी कशाची असते, यावर चर्चा व्हावी म्हणून माझे मत मांडतो.

दुसऱ्या भागात पात्रे परत येतात. ज्या अडचणीमुळे ती पात्रे जिवंत वाटली होती, ती अडचण मात्र परत येत नाही आणि तिच्या तोलाची नवी अडचणही कोणी शोधत नाही. ‘झपाटलेला’चेच पाहा. बाहुली चालते, बोलते आणि जिवावर उठली आहे हे लक्ष्याला कळले आहे, पण तो स्वतःच बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा असल्यामुळे त्याच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? लक्ष्मीकांत बेर्डे यांनी तो घाबरा जीव असा उभा केला आहे की आपण हसत असतानाच आपल्याला त्याची कीवही येते. रामदास पाध्ये यांची बाहुली आणि दिलीप प्रभावळकर यांचा तात्या विंचू अफलातून आहेत यात शंका नाही, परंतु त्यांची भीती वाटते ती लक्ष्या एकटा पडल्यामुळे. बेर्डे 2004 मध्ये गेले. दुसऱ्या भागात लक्ष्याचा मुलगा आला आणि त्रिमिती तंत्रही आले. पण एव्हाना ‘ओम फट् स्वाहा’ महाराष्ट्रातल्या पोरासोरांना पाठ झाले होते. ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही असा माणूस कथेत उरलाच नाही, तर मग बाहुली कितीही अंगावर धावून आली तरी काय होणार?

याउलट आपल्याच रंगभूमीवर महेश एलकुंचवार यांनी ‘वाडा चिरेबंदी’नंतर ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ लिहिले, आणि चंद्रकांत कुलकर्णी यांनी ती तिन्ही नाटके एकापाठोपाठ एक रंगमंचावर आणली. त्या देशपांडे कुटुंबाची पुढची गोष्ट सांगण्यामागे कारण होते: मधली वर्षे. ती वर्षे माणसांचे काय करतात हाच पुढच्या नाटकांचा विषय झाला. चित्रपटाच्या दुसऱ्या भागाकडून माझी अपेक्षा एवढीच आहे की मध्ये गेलेला काळ त्याने फुकट घालवू नये. पहिल्या भागाची पुण्याई वगळली तरी जो पाहावासा वाटेल, त्याच्यासाठीच मी तिकीट काढीन.

बाल्कनीतला प्रेक्षक

आपले लेखन नेहमीप्रमाणे नेटके आहे, पण मोजपट्टी चुकीच्या जागी लावली आहे असे मला वाटते. एलकुंचवारांची त्रिनाट्यधारा पाहायला जाणारा प्रेक्षक आणि गणपतीनंतरच्या आठवड्यात आईवडील, मुले आणि एखादी मावशी घेऊन ‘नवरा माझा नवसाचा 2’ला जाणारा प्रेक्षक यांची गरज एक नाही. माणूस त्या दिवशी एकदा भेटलेल्या माणसांना पुन्हा भेटायला जातो. लग्नकार्यात आपण दूरच्या काकांकडून नव्या गोष्टीची अपेक्षा ठेवतो का? त्यांनी तीच जुनी गोष्ट त्याच ठसक्यात सांगावी, एवढेच आपल्याला हवे असते.

आणि काळ फुकट घालवला असे तरी कसे म्हणावे? पहिल्या चित्रपटात अशोक सराफ एसटीचे कंडक्टर होते, दुसऱ्यात ते रेल्वेचे टीसी आहेत. हा विनोद वीस वर्षे मध्ये गेल्याशिवाय होऊच शकत नाही. 2023 चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळालेला हा नट पडद्यावर पुन्हा गणवेशात येतो, तेव्हा चित्रपटगृहात जो आवाज उठतो त्याची किंमत पटकथेच्या तराजूत कशी करणार?

घाटाखालची

बाल्कनीतला प्रेक्षक यांनी एसटी आणि रेल्वेचा विषय काढलाच आहे, तर माझा आक्षेप नेमका तेथेच आहे. पहिल्या चित्रपटाची सगळी गंमत त्या लाल डब्यात होती. एक विचित्र नवस फेडायला निघालेले जोडपे आणि सोबत अनोळखी प्रवासी एकदा गाडीत बसले की गणपतीपुळ्यापर्यंत कोणालाही कोणापासून सुटका नाही. कोण कोठे बसले आहे, कोण कोणाचे ऐकते आहे, हे सर्वांना दिसते. घंटीची दोरी कंडक्टरच्या हातात असल्यामुळे गाडी थांबणार की चालणार हे तोच ठरवतो. त्या चार चाकांपुरता तो राजा असतो. चित्रपटभर अशोक सराफ यांना जो अधिकार मिळाला, तो त्या दोरीमुळे मिळाला.

रेल्वेचे तसे नाही. डबे अनेक, माणसे उठून दुसऱ्या डब्यात जातात आणि टीसी तिकीट तपासून पुढे सरकतो. कोकण रेल्वे दिसते सुंदर, बोगदे आहेत, पूल आहेत. पण कोंडलेपण गेले की धमालही विरळ होते आणि प्रसंग एकमेकांना धक्का देण्याऐवजी एकामागून एक येत राहतात. माझा रोख कलाकारांवर नाही, त्या मंडळींचे वेळेचे भान आजही वाखाणण्यासारखे आहे. बसच्या जागी गाडी आणताना बस काय काम करत होती याचा विचार कोणी केला होता का, एवढेच मला विचारायचे आहे.

हिशेबनीस

येथे सर्वजण पटकथेविषयी बोलत आहेत, म्हणून पैशाविषयी कोणीतरी बोलायला हवे. मराठी निर्माता दुसरा भाग काढतो याचे पहिले कारण चित्रपटगृहाचा मालक हे आहे. नव्या नावाच्या मराठी चित्रपटाला सकाळचा अडनिडा खेळ मिळतो, आणि त्याच शुक्रवारी एखादा मोठा हिंदी किंवा दक्षिणेकडचा चित्रपट आला तर तोही जातो. मराठी चित्रपटांना बहुपडदा चित्रपटगृहांत सोयीची वेळ मिळावी म्हणून 2015 मध्ये सरकारला निर्णय घ्यावा लागला, यावरून परिस्थिती समजावी. अशा वेळी माहीत असलेले नाव हेच निर्मात्याचे भांडवल असते.

दुसरी गोष्ट थोडी टोचेल. आपण ज्या पहिल्या भागांच्या आठवणीने हळवे होतो, त्यांतले किती आपण तिकीट काढून पाहिले? हिंदीतला ‘हेरा फेरी’ (2000) घराघरांत पोहोचला तो प्रामुख्याने दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दाखवला गेल्यामुळे. बाबूराव गणपतराव आपटे आज प्रत्येक मराठी घरात नातेवाईकासारखा वावरतो, त्याचे श्रेय जितके परेश रावल यांना तितकेच रविवार दुपारच्या त्या प्रक्षेपणांनाही आहे. अशा स्मृतीशी स्पर्धा करणारा कोणताही दुसरा भाग हरणारच. नव्या कथांकडे पाठ फिरवायची आणि जुन्या नावांना नावे ठेवायची, हे मला तरी न्याय्य वाटत नाही.

तिसरी घंटा

हिशेबनीस यांचे अर्थकारण मला मान्य आहे, पण त्यातून चित्रपट का निघाला हे कळते. तो मी का पाहावा हे कळत नाही. चित्रपटगृहाच्या मालकाची अडचण सोडवणे हे प्रेक्षकाचे काम नव्हे. उलट नावामुळे खेळ मिळणारच आहेत, तर लेखकाला दोन महिने अधिक देण्याची मोकळीक त्याच नावाने दिलेली असते. ती वापरली जात नाही, ही माझी तक्रार आहे. घाटाखालची यांनी बसच्या दोरीविषयी जे लिहिले आहे, ते माझ्या मूळ लेखापेक्षा नेमके आहे.

मांडवीकाठ

धागाकर्त्यांचा काळाविषयीचा मुद्दा पूर्ण पटत नाही, कारण त्याला छेद देणारे उदाहरण सर्वांच्या माहितीचे आहे. ‘लगे रहो मुन्नाभाई’ (2006) मध्ये ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ (2003) नंतरचा काळ जवळजवळ नाहीच. वैद्यकीय महाविद्यालय गेले, नायिका बदलली, आधीच्या घटनांचा कोणी उल्लेखही करत नाही, आणि तरी अनेकांना तो पहिल्यापेक्षा सरस वाटतो. राजकुमार हिरानी यांनी मुन्ना आणि सर्किट यांचा स्वभाव तेवढा ठेवला आणि त्यांच्यापुढे गांधीजींनाच आणून बसवले. म्हणजे मागचे सगळे पुसूनही दुसरा भाग उभा राहू शकतो.

दुसरे टोक ‘दृश्यम’चे. मोहनलाल यांचा मूळ मल्याळम चित्रपट 2013 चा आणि त्याचा दुसरा भाग 2021 चा. हिंदीत हीच कथा गोव्यात आणून निशिकांत कामत यांनी 2015 मध्ये पहिला भाग केला. (कामत 2020 मध्ये गेले, 2022 चा दुसरा भाग अभिषेक पाठक यांचा.) ज्यांनी हे चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांनी पुढची दोन वाक्ये वगळावीत. पहिल्या चित्रपटाचा शेवट प्रेत कोठे पुरले आहे या उलगड्यावर होतो, आणि दुसरा चित्रपट नेमका त्याच जागेवर उभा राहतो. विजय साळगावकर सुटला आहे, पण पोलिसाची गाडी दिसली की घरातल्या सर्वांचे श्वास अडकतात, आणि ही भीती पहिल्या भागाचीच थकबाकी आहे. गोव्यात राहणाऱ्या आम्हांला त्यातले पोलीस आणि त्यातली भाषा अधूनमधून परकी वाटते, तो वेगळा विषय. शेवटची क्लृप्ती मला जरा अतिहुशारीची वाटली, परंतु दुसरा भाग का काढला असा प्रश्न कोठेही पडला नाही.

तिसरी घंटा

मुन्नाभाईचे उदाहरण माझ्या विरोधात जाते असे मला वाटत नाही. मी काळाचा आग्रह धरला तो काळ मध्ये गेला आहे असे सांगणाऱ्या चित्रपटांपुरता. हिरानींनी तसा दावाच केला नाही. त्यांनी गुंडगिरीवर जगणाऱ्या माणसाला गांधीजी दिसू लागले तर काय, ही खरीखुरी नवी अडचण दिली. वीस वर्षांनंतर अशी जाहिरात करून तेच विनोद पुढे ठेवणाऱ्यांबद्दल माझे म्हणणे आहे.

रविवारची पुरवणी

‘मुंबई-पुणे-मुंबई’वर कोणी बोललेच नाही. 2010 च्या चित्रपटात मुलगा, मुलगी आणि पुण्याचा एक दिवस एवढाच ऐवज होता. त्या दोघांना नावेसुद्धा नव्हती आणि ती विचारावीत असेही आपल्याला वाटले नाही. 2015 मध्ये त्यांना नावे मिळाली, दोन्हीकडची कुटुंबे आली, लग्नाआधीची द्विधा आली; 2018 मध्ये बाळाची चाहूल. धागाकर्त्यांच्या कसोटीने पाहिले तर सतीश राजवाडे यांनी काळ अजिबात फुकट घालवलेला नाही. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी प्रत्येक वेळी वयाच्या पुढच्या पायरीवर आहेत. तरीही मला पहिलाच पुन्हा पाहावासा वाटतो, कारण त्यात दोघांना बोलण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढच्या भागांत बोलायला नातेवाईक आले आणि त्या दोघांचे बोलणे कमी झाले.

‘टाइमपास’चा राग मात्र अजून गेलेला नाही. पहिल्या चित्रपटात दगडू आणि प्राजक्ताची ताटातूट होते, आणि नव्वदच्या दशकातल्या त्या वयातल्या प्रेमाचे बहुधा तसेच होत असे. दुसऱ्या भागात वेगळे नट घेऊन त्यांची भेट घडवली गेली आणि त्या ताटातुटीची धारच गेली.

बाल्कनीतला प्रेक्षक

रविवारची पुरवणी यांच्याशी मी अजिबात सहमत नाही. ‘आई, बाबा आणि साईबाबांची शप्पथ’ म्हणणाऱ्या त्या पोराला प्राजक्ता मिळावी अशी इच्छा धरूनच लोक 2015 मध्ये रांगेत उभे राहिले होते, आणि रवी जाधव यांनी ती पूर्ण केली. ताटातुटीची धार ज्यांना हवी आहे त्यांनी पहिला भाग पाहून थांबावे. त्यांना दुसऱ्याचे तिकीट कोणी सक्तीने दिलेले नाही.

रविवारची पुरवणी

सक्ती नव्हती हे खरे. पण दुसरा भाग पाहिल्यावर पहिल्याचा शेवट तसा पाहता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. आता दूरचित्रवाणीवर तो प्रसंग लागला की घरातले कोणीतरी हमखास म्हणते, ‘अगं, पुढच्यात भेटतात ते.’