मानसिक भांडवल वाढवा म्हणे!

खतावणी: कालच्या पोस्टीत एका महाभागाने ठोकून दिलंय की आशा, आत्मविश्वास, चिवटपणा, आशावाद हे ‘मानसिक भांडवल’ भक्कम असलं की बँकवाल्याला नोकरीची धास्ती वाटत नाही, म्हणून एचआरने कार्यशाळा घेऊन ते वाढवावं. अहो, हे भांडवल मोजायची २४ विधानांची प्रश्नावली एचआर पाठवतं तेव्हा वर एम्प्लॉयी कोड भरायला लावतं. ‘मी हबकलोय’ असं कोण कबूल करणार? त्यात भांडवल आणि धास्ती दोन्ही एकाच माणसाने एकाच बैठकीत भरायचं. वैतागलेला दोन्हीकडे वाईटच लिहितो, की लगेच म्हणे संबंध सिद्ध!

मेकर_चेकर: प्रश्नावली सदोष, मान्य. पण धास्ती कसली? १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. नोकरी कुणाचीच जाणार नाही, हे अर्थमंत्र्यांनी आधीच सांगितलं होतं.

खतावणी: नोकरी राहते, खुर्ची जाते. एकाच चौकात दोन शाखा, त्यातली एक बंद. मॅनेजर दोन, केबिन एक. वर नवी सिस्टीम, नवे मेनू. टेस्ट सर्व्हरवर आठवडाभर खोट्या एन्ट्र्या मारू द्या, आत्मविश्वास आपोआप येतो. भाषणाने नाही.

नागरी_सहकारी: सरकारी मंडळींचे लाड बघा! पीएमसीवर (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर) सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, विलीनीकरण जानेवारी २०२२ मध्ये. मधे ठेवीदारांना तोंड द्यायला काउंटरवरचाच माणूस. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ खाली विलीनीकरणाची योजना आली तर नोकरी आणि पगार चालू राहतो. लायसन्स रद्द होऊन अवसायक, म्हणजे बँक गुंडाळणारा अधिकारी, आला तर? पाच लाखांचा विमा ठेवीला आहे, नोकरीला नाही.

मेकर_चेकर: खरा ताण वेगळाच, विम्याच्या टार्गेटचा. मार्चअखेरीस कर्जदाराच्या गळ्यात पॉलिसी मारायची. तो एप्रिलमध्ये फ्री-लूकच्या, म्हणजे पॉलिसी नको असेल तर परत करायच्या, ३० दिवसांत परत करतो. आकडा वजा, तक्रार जमा, मेमो तुमच्या नावावर.

खतावणी: आणि नाही परत केली तर पुढच्या वर्षी ‘एकदाच भरायचे म्हणाला होतात ना?’ म्हणत काउंटरवर हजर. तोवर विकणाऱ्याची बदली झालेली. शिव्या खाणारा तिसराच!

नागरी_सहकारी: विषय काय, चाललाय काय! पॉलिसी विकायला आधी बँक उघडी लागते.

मेकर_चेकर: बरं बाबा, कार्यशाळेने भांडवल वाढत नाही. जिंकलात. मग एचआरने करायचं तरी काय?

खतावणी: प्रश्नावलीवरचा कोड काढा. बदल्यांची यादी मार्चमध्ये लावा, पोरांच्या शाळा सुरू झाल्यावर नको. दोन्हीला दमडी लागत नाही.

नागरी_सहकारी: आम्हाला यादी जूनमध्ये लावलीत तरी चालेल, पगार तेवढा येऊ द्या.