मदत हवी आहे: ‘इफेमेरा’ला मराठीत काय म्हणावं?

जुनी तिकिटं, हस्तपत्रकं, निमंत्रणपत्रिका असे कागद मी जपून ठेवते. काम झालं की टाकून द्यायचे, म्हणूनच छापलेले. इंग्रजीत यांना ‘इफेमेरा’ म्हणतात. मूळ ग्रीक: ‘एपि’ म्हणजे वर, ‘हेमेरा’ म्हणजे दिवस; एका दिवसापुरतं ते. पंख फुटल्यावर जेमतेम दिवसभर जगणाऱ्या मेफ्लाय कीटकांच्या गणाचं नावही त्यावरूनच, ‘इफेमेरोप्टेरा’.

मराठीत ‘क्षणभंगुर’ लगेच सुचतो. पण त्यातल्या ‘भंगुर’चा संस्कृत धातू ‘भञ्ज्’, म्हणजे मोडणं. शिवाय त्या शब्दाला वैराग्याचा सूर आहे. हे कागद मोडत नाहीत, त्यांची फक्त गरज संपते. ‘तात्कालिक’ फारच कोरडा वाटतो. बोलण्यातला एखादा जुना शब्द कुणाला आठवतोय का? संग्रहाच्या वहीवर तोच लिहायचा आहे.